ठणठणीत

“साहेब तर अगदी ठणठणीत आहेत हो! नशीबवान आहात,” पाहणीला आलेला अधिकारी दाराबाहेर वाकून बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, आणि तिनं सवयीनं, हसून, “हो ना,” म्हटलं. तो जिना उतरून गेला. बुटांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू आला, मग फाटक वाजलं, आणि मग ते ‘हो ना’ तिच्याच कानात परत येऊन बसलं. हो ना काय, हो ना? त्या वेळी जीभ का नाही झडली? हा माणूस आला होता कशासाठी? तिचा नवरा दुसऱ्याच्या मदतीशिवाय दिवस काढू शकतो की नाही, हे बघायला. नाही काढू शकत, असं त्यानं वर कळवलं असतं, तर जायबंदी सैनिकाला सांभाळणाऱ्या बायकोला सरकार देतं तो सोबतीचा भत्ता तिला सुरू झाला असता, आणि चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडून ती घरी त्याच्याजवळ राहू शकली असती. नाही तर काय, हे तिला पाठ होतं. दुकानाच्या मालकिणीनं गोड आवाजात सांगून ठेवलं होतं, अर्धा दिवस आता पुरे झाला, पूर्ण दिवस जमत असेल तर या. आणि पूर्ण दिवस त्याला घरात एकटं ठेवणं म्हणजे आगीशी खेळ होता, अगदी खरोखरीच्या आगीशी. मागच्याच महिन्यात ती दुकानात असताना त्यानं दूध गॅसवर ठेवलं आणि रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहिला. बसमागून बस गेली, हा आपला उभा. खालच्या मजल्यावर वास गेला म्हणून घर वाचलं. म्हणजे मग उरलं ते टेकडीपलीकडचं सैनिकांचं निवासगृह, ओळीनं मांडलेल्या लोखंडी खाटा आणि रविवारची भेट. हे सगळं आजच्या एका सकाळवर टांगलेलं होतं, आणि ही बाई दारात उभी राहून म्हणाली, हो ना.

ती आत आली तेव्हा तो खुर्चीत तसाच बसला होता. पाठ ताठ, हात मांड्यांवर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी, भांग असा की पट्टी लावून पाडावा. “पास?” त्यानं विचारलं. “पास,” ती म्हणाली. त्याचा चेहरा असा काही उजळला की तिला त्याची माया आली, आणि स्वतःचा इतका संताप आला की ती स्वयंपाकघरात जाऊन नुसताच नळ सोडून उभी राहिली. पाणी भांड्यातून वर येऊन वाहायला लागलं तरी तिचं लक्ष नव्हतं. कारण हा भांग तिनं पाडला होता. ती दाढी तिनं केली होती, डावा गाल दोनदा, कारण डावी बाजू त्याच्या हिशेबातच नसते. शर्टाला पहाटे उठून तिनं इस्त्री केली होती, आणि ‘खालून सुरू करा, सावकाश, घाई नाही’ असं रोजचं म्हणत त्याच्या हातात पहिलं बटण तिनंच दिलं होतं. वरून सुरू केलं की एक घर चुकतं आणि सगळा शर्ट तिरका होतो. खालून सुरू केलं तर निदान सुरुवात तरी बरोबर होते. ही अक्कल तिला कुणी शिकवली नव्हती, अशाच कितीतरी अकला तिनं त्याच्याजवळ राहून कमावल्या होत्या आणि त्यातली एकही सरकारला दिसण्यासारखी नव्हती.

खरं तर ‘पाहणी’ हा शब्दच तिच्या अंगात भिनलेला. लग्न होऊन ती छावणीतल्या वसाहतीत आली, तेव्हा भांडी कुठं ठेवायची हे कळायच्या आत पाहणी म्हणजे काय हे कळलं होतं. मोठे साहेब घरं बघायला यायचे. त्याच्या आदल्या दिवशी सगळ्या बायका झाडू घेऊन तुटून पडायच्या, दाराच्या कड्या राखेनं घासायच्या, पलंगाची चादर अशी ताणायच्या की तिच्यावर बसायची चोरी. एका बाईच्या खिडकीत वाळत टाकलेला पायमोजा राहिला, तर त्याची चर्चा तिच्या नवऱ्याची बदली होईपर्यंत पुरली. फाटकं असेल ते पेटीत, आजारी मूल असेल ते शेजारी, रडू असेल ते पदराआड. साहेब येणार, बघणार, मान हलवणार, जाणार. आणि मग बायका एकमेकींच्या दारात उभ्या राहून मोठमोठ्यानं हसणार. तिला तेव्हा ते आवडायचं. आपण दोघंही पलटणीत आहोत, फक्त आपल्याला बूट नाहीत, असं तिनं एकदा त्याला म्हटलं होतं आणि तो खो खो हसला होता. तेव्हा त्याला विनोद समजत होता, करताही येत होता, आणि दोन्हींच्या मध्ये एवढा वेळ जात नव्हता. त्या दिवसांतली ती पोरगी आज पहाटे अंगात आली. अधिकारी येणार म्हटल्यावर तिनं दुसरा विचारच केला नाही. पडदे धुतले. तो रात्री घाबरून उठतो तेव्हा लागणारी उशाची घंटी कपाटात टाकली. आंघोळीच्या खोलीतली खुर्ची गच्चीत नेऊन ठेवली. म्हणजे जे जे दाखवायचं होतं ते ते तिनं स्वतःच्या हातानं आवरून टाकलं. कपाळ बडवून घ्यावं, दुसरं काय.

बरं, त्याला बाहेरून काही झालेलंही नाही. रस्त्यात पेरलेल्या सुरुंगाचा स्फोट झाला तेव्हा पुढची गाडी उडाली, हा मागच्या गाडीत होता. अंगावर ओरखडा नाही. दवाखान्यात ती त्याला बघायला गेली तेव्हा तिनं देवाचे आभार मानले होते, आणि परिचारिकेनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं होतं. त्या बघण्याचा अर्थ तिला घरी आल्यावर कळला, त्यानं आधी बूट आणि मग त्यावर मोजे चढवायला सुरुवात केली तेव्हा. गोष्टी सगळ्या जागेवर होत्या, फक्त त्यांचा क्रम गेला होता. मग ती त्याचा क्रम झाली. पलंगावर डावीकडून नाही, उजवीकडून कपडे मांडून ठेवायची, आधी बनियन, मग शर्ट. ताटात सगळं उजव्या अंगाला वाढायची. रस्त्यावर त्याच्या डाव्या हाताला चालायची, म्हणजे तिकडून येणारी माणसं आधी तिला धडकावीत. आणि चारचौघांत तर तिची करामत अशी की कुणाच्या बापाला पत्ता लागत नसे. त्याचं वाक्य अडलं की ती पाण्याचा पेला पुढं करता करता हळूच पुढचा शब्द सोडायची. त्याची एक गोष्ट ठरलेली होती, पलटणीच्या आचाऱ्याच्या चहाची. तो म्हणायचा, “आमचा आचारी असा चहा करायचा, असा चहा...” आणि तिथं थांबायचा. मग ती म्हणायची, “सांगा की, शत्रूला पाजला तेव्हा काय झालं!” आणि लगेच तो, “पहिल्याच घोटाला पांढरं निशाण!” सगळे हसायचे. काय जोडी आहे, म्हणायचे. आजही अधिकारी हसला होता. चहाचा कप खाली ठेवून पोट धरून हसला होता मेला.

“तू त्याला नवरदेव करून बसवलंस, अगं वेडे!” संध्याकाळी हवालदारीणबाई वर आल्या त्या असं म्हणतच. खालच्या मजल्यावर राहायच्या, दुधाचा वास त्यांनाच आला होता. नवरा हवालदार होता, जाऊन बरीच वर्षं झाली, पण हुद्दा बाईंकडेच राहिला, आणि खरं सांगायचं तर त्यांना तो नवऱ्यापेक्षा जास्त शोभायचा. “जिन्यात त्या माणसानं मला नमस्कार केला. म्हणतो, वरचे साहेब अजूनही कडक आहेत! कडक! मी म्हटलं, झालं, हिनं माती खाल्ली.”

“मला काय कळलं नाही बाई त्या वेळी. हात आपोआप चालले.”

“चालणारच. माझेही चालायचे. आमचे हे रात्री पलंगाखाली जाऊन झोपायचे, आणि सकाळी मी लोकांना सांगायची, यांना जमिनीवर गार वाटतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, सासूबाई म्हणायच्या. मी जन्मभर झाकली. आणि हे गेल्यावर मी कचेरीत गेले, तर तिथला साहेब विचारतो, बाई, तुम्ही काय काम करत होता? म्हटलं, यांना सांभाळत होते. तर म्हणतो, नाही, काम काय करत होता?” हवालदारीणबाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. “तेव्हा आता तू फेरपाहणी माग. हक्क आहे तुझा. आणि ते येतील तेव्हा हात बांधून बस. नुसती बस. पाण्याचा पेलासुद्धा पुढं करू नकोस.”

“म्हणजे त्यांची फजिती होऊ द्यायची?”

“फजिती नाही गं. खरं आहे ते होऊ द्यायचं.”

बोलायला सोपं होतं. तिनं फेरपाहणी मागितली, आणि मग दिवस जवळ यायला लागले. नणंदेनं फोनवर ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “वहिनी, माझ्या भावाचं हसं करू नका हं.” तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, म्हणून उलट उत्तर देता आलं नाही. दुकानात ती लोकांच्या डोळ्यांवर जड चौकट चढवून भिंगं बदलत राहिली, हे स्पष्ट की ते, आता की मघाशी. एक म्हातारा ट्रकचालक आला, त्यानं भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ धडाधड वाचून दाखवली. तिनं गुपचूप तक्ता बदलला, तरी गडी तीच जुनी ओळ म्हणत होता. पाठ केली होती बिचाऱ्यानं, परवाना जाऊ नये म्हणून. एरवी तिला हसू आलं असतं. त्या दिवशी ती त्याच्याकडे बघतच राहिली. आपणही तेच केलं की. नवऱ्याकडून सगळं पाठ करून घेतलं आणि लोकांसमोर म्हणून घेतलं, आणि एवढी वर्षं त्याला इभ्रत म्हणत आलो. पण मग परवा हात बांधून बसायचं, ते तरी काय आहे? ज्या माणसानं आपल्यासमोर कधी तक्रारीचा शब्द काढला नाही, त्याला परक्या माणसापुढं उघडं पाडायचं, आणि तेही महिन्याच्या भत्त्यासाठी? भत्त्यासाठी नाही, ती स्वतःशीच भांडली, तो आपल्याजवळ राहावा म्हणून. पण मनाला असा हिशेब पटवता पटवता ट्रकचालकाच्या नाकावर चौकट तिरकी बसली, आणि तो म्हणाला, “ताई, तुमचं लक्ष कुठं आहे?”

फेरपाहणीच्या सकाळी तिनं कपडे पलंगावर मांडले नाहीत. कपाटाचं दार तेवढं उघडं ठेवलं आणि बाहेर येऊन बसली. खुर्ची आंघोळीच्या खोलीत होती, घंटी उशाशी. “आज पाहणी आहे,” तिनं त्याला सांगितलं होतं, कारण न सांगणं म्हणजे फसवणूक झाली असती. त्यानं मान हलवली आणि आत गेला. बराच वेळ काही आवाज नाही. मग हँगर पडला. मग पाणी. मग पुन्हा काही नाही. तिनं हात खरोखरच मांड्यांखाली दाबून धरले, लहान मुलं धरतात तसे. बोटं आपोआप हलत होती, बटण शोधत होती. दोनदा ती उठली आणि दोनदा बसली. तो बाहेर आला तेव्हा तिला वाटलं, नको तो भत्ता, चुलीत जाऊ दे. उजवा गाल तुकतुकीत आणि डाव्या गालावर पांढरे खुंट तसेच, कानाखाली वाळलेला साबण. शर्टाची बटणं एक घर चुकलेली, कॉलरची एक बाजू गळ्याशी वर चढलेली, खाली एक टोक लोंबत होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, नेहमीसारखं, आता ती उठेल, जवळ येईल, ‘खालून सुरू करा’ म्हणेल म्हणून. ती उठली नाही. तो थांबला. तेवढ्या वेळात तिनं बोलण्यासाठी तीनदा तोंड उघडलं असेल. मग त्यानं आपल्या छातीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि जाऊन खुर्चीत बसला. पाठ ताठ, हात मांड्यांवर.

या वेळी आली ती एक डॉक्टरीण होती, बुटकीशी, दमलेली, जिना चढून धाप लागलेली. पाणी मागितलं नाही, म्हणून बरं. तिनं त्याच्या गालाकडे, शर्टाकडे पाहिलं आणि पाहिलं न पाहिलंसं केलं. साध्या गप्पा मारायला लागली. सकाळी काय खाल्लं, कुठली पलटण, जेवण कसं असायचं तिथं. जेवणाचं नाव निघताच तो खुलला. “आमचा आचारी,” तो म्हणाला, “असा चहा करायचा, असा चहा...” आणि थांबला. तो तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, पुढचं हसू यायच्या आधीचं, आणि ते तसंच अडकून राहिलं होतं. तिच्या जिभेवर वाक्य तयार होतं. सांगा की, शत्रूला पाजला तेव्हा. तिनं पडद्याच्या किनारीकडे बघायला सुरुवात केली. “असा चहा...” तो पुन्हा म्हणाला, मग हळू आवाजात, “ही सांगते.” डॉक्टरीण म्हणाली, “असू द्या, तुम्हीच सांगा ना.” त्यानं हात वर उचलला, हवेत काहीतरी धरल्यासारखं केलं, आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला. “होता,” तो म्हणाला. “चांगला होता चहा.” आणि तिला रडू फुटलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी, आणि ते पुसायलाही तिनं हात मांड्यांखालून काढले नाहीत.

डॉक्टरीण तिच्याकडे वळली. “तुम्ही शेवटच्या कधी निवांत झोपलात?” तिनं विचारलं. इतक्या वर्षांत सरकारच्या माणसानं तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. एरवी सगळे प्रश्न त्याचे, उत्तरं तिची. “आमचं काय, मजेत...” तिच्या तोंडून निघालंच, सवय ती सवय, आणि मग ती मध्येच थांबली. “नाही,” ती म्हणाली. “मजेत नाही. रात्री हे घाबरून उठतात. मग मी बसते. सकाळी दाढी मी करते. बाकी सगळंही मीच करते, त्यांना क्रम लागत नाही. मागच्या वेळी जे साहेब आले होते, त्यांनी पाहिलं ते हे नव्हतेच हो, ती मी होते. मीच ठणठणीत दिसत होते.” एवढं बोलून ती घाबरून त्याच्याकडे बघायला लागली. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. डॉक्टरीण उठली, आंघोळीच्या खोलीतली खुर्ची बघून आली, घंटी बघितली. जाताना दारात तिनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “कळवते मी वर. मिळेल भत्ता. खरं म्हणजे हा फार आधी मिळायला हवा होता.” आणि धापा टाकत खाली गेली.

दार लावून ती तिथंच टेकून उभी राहिली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटतही होतं, पण त्याच्यापुढं जायचा धीर होत नव्हता. आता तो विचारेल, पास? आणि काय सांगायचं? तो खुर्चीतून उठून आरशासमोर उभा होता. वर चढलेल्या कॉलरला एका बोटानं हात लावून बघत होता.

“चुकलंय हे,” तो म्हणाला.

“हो.”

“कळत होतं मला. सकाळपासून.”

“अहो, मग बोलला का नाहीत? म्हणाला असतात तर मी...”

“तू उठली नाहीस.” तो शब्द शोधत होता, आणि ती या वेळीही मदत करत नव्हती, कारण पुढचा शब्द कोणता हे तिलाही ठाऊक नव्हतं. “तू कधी... अशी बसत नाहीस. म्हटलं, हिला पाहिजे असेल. असंच. म्हणून मग...” त्यानं पाठ ताठ केली, खुर्चीत बसला होता तशी, आणि दाखवलं. “बसलो.”

तो तिच्याकडे वळला, हनुवटी जरा वर केली, रोजच्यासारखी. “गेल्या ना बाई? आता लाव नीट.”

ती जवळ गेली. पण वरचं बटण काही केल्या काजातून सुटेना. एकदा निसटलं, दोनदा निसटलं, डोळ्यांतल्या पाण्यानं तिला ते दिसेचना. तेव्हा त्यानं तिचं मनगट धरलं आणि तिचा हात शर्टाच्या अगदी शेवटच्या बटणावर नेऊन ठेवला.

“खालून सुरू कर,” तो म्हणाला. “सावकाश. घाई नाही.”